वर्ख धुण्याचा दिवस

मंडालेच्या खाली नदीकाठी असलेल्या मीनकबा गावात ऊ कान न्यूनच्या सोन्याच्या खोलीचं दार कायम लावलेलं असे, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. सोन्याचा वर्ख म्हणजे कुणी जवळ शिंकलं तरी उडून जाणारी चीज. झुळूक आली की गेला आढ्याला. त्यामुळे खिडक्या बंद, दार बंद, आणि आत दोघंच. म्हातारा चित्रं काढणार, वर्ख लावणार. त्याची बायको दॉ फ्वा योन हरताळीचा पिवळा रंग खलून देणार, कुंचले धुणार, मधूनमधून चहा ओतणार. चाळीस वर्षं असंच चाललं होतं.

त्यांची एकुलती एक मुलगी न्वे यिन बाहेरच्या पडवीत बसायची. वाट्या, डबे, विड्याची तबकं यांच्या काळ्याभोर अंगावर लोखंडी सळईच्या टोकानं वेलबुट्टी कोरायची. तिचा नवरा को स्वे बांबूच्या कामट्या काढून त्या वाट्या विणायचा. त्यांच्यावर थित्सीच्या झाडाच्या काळ्या चिकाचे हात चढायचे, प्रत्येक हातानंतर तळघरात आठवडाभर मुक्काम, मग पुन्हा राखेनं घासणं, पुन्हा चीक. एका डब्याला सहा महिने सहज लागत. पण घराचं नाव होतं ते या डब्यांवर नव्हे, म्हाताऱ्याच्या सोन्याच्या पेट्यांवर. विहारातल्या पोथ्या ठेवायच्या पेट्या. नदीच्या वरच्या अंगाला आणि खालच्या अंगाला, चारचार दिवसांच्या अंतरावरच्या विहारांत त्याच्या हातच्या पेट्या होत्या.

तबाँग महिन्यात, उन्हाळा लागता लागता, तीन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि दॉ फ्वा योन गेली. चितेहून परतल्यावर म्हातारा दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी उठला, भिंतीला हात लावत सोन्याच्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं.

"बाबा, मदतीला मी येऊ का आत?" न्वे यिननं बाहेरून विचारलं.

"तू तुझं कोरीव बघ. इथं मला सगळं हाताशी आहे."

आत एक मोठी पेटी अर्धवट पडलेली होती. ती सांगितली होती पकोक्कूच्या दॉ थान लेईनं. ही बाई नदीपलीकडे चिरुटांचा कारखाना चालवायची. अंगानं भरभक्कम, आवाज असा की नावेत बसून बोलली तर दोन्ही काठांना ऐकू जावं. नवरा गेला तेव्हा तिनं बोलून ठेवलं होतं, की भिक्खूंचा पावसाळ्यातला वर्षावास संपण्याच्या पौर्णिमेला मीनकब्याच्या विहारात त्याच्या नावानं पोथ्यांची पेटी दान करीन, आणि तिच्या चारी बाजूंवर वेस्संतर राजाची गोष्ट असेल. पांढरा हत्ती देऊन टाकणारा, पोटची मुलं देऊन टाकणारा, बायकोसुद्धा देऊन टाकणारा राजा. तबाँगच्या आधीच समोरची बाजू हरताळीनं काढून झाली होती. दॉ थान लेई ती पिवळी रेखाटणी बघून गेली होती आणि जाताना म्हणाली होती, "वस्ताद, तुमच्या हाताला अजून म्हातारपण शिवलेलं नाही बघा."

उरलेल्या तीन बाजू म्हाताऱ्यानं सहा महिने एकट्यानं केल्या. मग चिकाचा पातळ हात दिला, वर्ख चढवला. को स्वेनं आणि त्यानं मिळून पेटी तळघरात उतरवली तेव्हा न्वे यिननं कापडाखाली डोकावून बघितलं. चारी बाजूंनी नुसतं सोनं. तसंच असतं. जिथं हरताळ आणि डिंक लावलाय तिथला वर्ख पाण्यानं धुऊन निघतो आणि खालचा काळा रंग दिसतो. जिथं नाही, तिथं सोनं कायमचं बसतं. म्हणजे कसं साधलंय ते धुईपर्यंत कुणालाच कळत नाही.

पौर्णिमेला अकरा दिवस उरले असताना दॉ थान लेई सकाळच्या नावेनं आली. येताना मुरवून खायच्या चहाच्या पानांचा मोठा डबा आणि शेंगदाणे घेऊन आली. शेजारच्या दोघीतिघी जमल्या. न्वे यिननं विहिरीचं पाणी काढून ठेवलं.

"बाबा, पेटी खोलीत नेऊ? आई नेहमी आतच धुवायची."

"आत कशाला? अंगणात घ्या, उजेडात." म्हातारा सकाळीच अंघोळ करून, कडक इस्त्रीची लुंगी नेसून वेताच्या खुर्चीवर बसला होता. "बाई एवढ्या लांबून आल्यात. नवऱ्याच्या नावाचं पुण्य, डोळ्यांनी बघायला नको?"

"शंभर वेळा हवं!" दॉ थान लेई म्हणाली आणि चटईवर मांडी ठोकून बसली.

न्वे यिननं कापसाचा बोळा भिजवून समोरच्या बाजूवर पाणी सोडलं. थोडं थांबली. डिंक सुटला, पिवळं पाणी ओघळायला लागलं, त्यावर सोन्याचे कण तरंगत खाली आले. आणि काळ्या पाठीवर हळूहळू राजा दिसायला लागला. मग हत्ती. त्याच्या झुलीवरची केसाएवढी बारीक नक्षी, सोंडेवरच्या सुरकुत्या, हत्ती मागायला आलेल्या आठ ब्राह्मणांचे आठ वेगळे चेहरे. एकाच्या तोंडावर हाव, एकाच्या तोंडावर लाज. दॉ थान लेईनं चिरूट खाली ठेवला.

"आमच्या गेलेल्या म्हाताऱ्यानं बघायला हवं होतं हे," ती म्हणाली.

ऊ कान न्यून हसला. "आता उजवी बाजू घे, न्वे. तिथं मुलं आहेत."

न्वे यिननं पेटी फिरवली. पाणी सोडलं. पिवळं ओघळलं. डावीकडचं झाड दिसलं, बरं होतं. झाडाखाली राजाचा पाय दिसला. दुसरा पाय वीतभर खाली, किनारीवर. राजाचा मुकुट डोक्यापासून दोन बोटं लांब हवेत. ती बोळा फिरवत राहिली, कारण वाटलं की अजून सुटायचं आहे, सुटलं की नीट दिसेल. सुटलं. एकावर एक दोन झोपड्या. म्हातारा जुजक, तो मुलांना ओढून नेणारा, त्याला तीन हात. आणि जिथं दोन मुलं असायला हवी होती, तिथं तळहाताएवढा सपाट सोन्याचा पत्रा, त्यात ना नाक ना डोळे.

"अगंबाई! हा काय प्रकार?" दॉ थान लेई मोठ्यानं हसली. "झोपडीला झोपडी व्यालीय काय? अजून धुवायचं राहिलंय वाटतं. धू की गं नीट!"

कुणी हसलं नाही. न्वे यिनच्या हातातून बोळा निसटला. शेजारणी एकमेकींकडे बघत होत्या. को स्वे कामट्यांची मोळी घेऊन चालला होता, तो मोळीसकट तिथंच उभा राहिला.

आणि म्हाताऱ्यानं विचारलं, "कशी आलीय? धाकटी नीट आलीय ना? तिच्या डोळ्यांतलं पाणी दिसतंय का?"

उत्तर कुणी द्यायचं?

"बोला की," तो कौतुकानं म्हणाला. त्याला वाटलं, लोक बघतच राहिलेत. खुर्चीवरून उठला, चार पावलं मोजल्यासारखी टाकून पेटीपाशी आला, वाकला. "हे बघा बाई. हा जुजक. इथं त्याची काठी. आणि ही पोरगी मागं वळून बापाकडे बघतेय, बघा." त्याचं बोट त्या सपाट पत्र्यावर टेकलेलं होतं.

दॉ थान लेई उठून उभी राहिली. तिनं तिचा भलामोठा, माणकाची अंगठी घातलेला हात सावकाश वर नेला आणि म्हाताऱ्याच्या तोंडासमोरून, अगदी वीतभर अंतरावरून, इकडून तिकडे फिरवला. त्याच्या पापण्या हलल्या नाहीत. तो अजून हसतच होता.

"वस्ताद," ती हळू म्हणाली. इतक्या हळू ती बोलू शकते हे कुणाला माहीत नव्हतं. "वस्ताद, तुम्हाला दिसत नाही."

म्हाताऱ्याचं बोट पत्र्यावरच राहिलं. हसू मात्र गेलं.

न्वे यिनला काय झालं कोण जाणे, तिनं कळशी उचलली आणि उरलेल्या दोन्ही बाजूंवर बदाबदा पाणी ओतलं, हातानंच घासायला लागली. कुठंतरी, एखाद्या बाजूला तरी चित्र असेल. डाव्या बाजूला रथाची चाकं होती, पण रथ नव्हता. मागच्या बाजूला काहीच नव्हतं. फिकट, फाटके चट्टे. खरूज झालेल्या कातडीसारखं सोनं.

"पुरे," को स्वेनं तिचा हात धरला. "न्वे, पुरे कर."

शेजारणी उठून गेल्या. दुपारच्या आत गावभर होणार हे सगळ्यांना कळत होतं. म्हातारा पुन्हा भिंत चाचपत खोलीत गेला, आणि या वेळी दार उघडंच राहिलं.

न्वे यिन पडवीच्या पायरीवर बसली. हात पिवळे झाले होते. बापाला दिसत नाही, हे तिच्या डोक्यात शिरत होतं आणि बाहेर पडत होतं. एका घरात राहून? एका ताटात जेवून? मग एकेक आठवायला लागलं. वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायचं त्यांनी सोडलं होतं, म्हणे चष्मा बिघडलाय. मनुहाच्या देवळाच्या जत्रेला आईचा हात धरून निघायचे तेव्हा गावातल्या बायका चिडवायच्या, म्हातारपणी बघा कसं प्रेम उतू चाललंय. आई लाजायची. आई वाटीत भात वाढताना मोठ्यानं म्हणायची, "उजवीकडे मासा, डावीकडे डाळ," आणि न्वे यिनला वाटायचं, आईला आताशा बडबड जडलीय.

आणि तिथंच तिला दुसरा धक्का बसला. हा असा की ती बसल्याजागी उभी राहिली.

खोलीत म्हातारा जमिनीवर बसला होता. दॉ थान लेई तिच्याआधीच दारात येऊन उभी होती.

"कधीपासून?" न्वे यिननं विचारलं.

"भूकंपाच्या आदल्या वर्षी धूसर व्हायला लागलं. भूकंपाच्या वर्षी दिवा लावलाय की विझवलाय एवढंच कळायचं. मग तेही गेलं."

"भूकंपाला सहा वर्षं झाली, बाबा. सहा वर्षांत या खोलीतून नऊ पेट्या गेल्या. मंडालेला गेली ती, मागच्या साली विहारातल्या वडील भिक्खूंनी स्वतः येऊन नेली ती. समोरच्या बाजूचा हा हत्ती. ते कुणी काढलं?"

म्हाताऱ्यानं चाचपडत कुंचल्यांचं भांडं जवळ ओढलं.

"कुणी काढलं?"

"तुझ्या आईनं."

"आईला साधी वेल काढता येत नव्हती!"

"असं ती म्हणायची," म्हातारा म्हणाला.

दॉ थान लेई उंबऱ्यावरच बसली.

"आधी ती माझं मनगट धरायची," तो सांगायला लागला. "इथं टेकवा, आता वर घ्या, आता थांबा. एक दिवस मी वैतागलो. म्हटलं, एवढं कळतं तर तूच काढ. तिनं मोर काढला. वाळल्यावर मी नखानं पिसं चाचपून बघितली. माझा मोर इतका चांगला कधी आला नव्हता. चाळीस वर्षं माझे कुंचले धूत बसली होती गं ती. बघत होती."

"आणि तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत."

"नाही."

"आईच नको म्हणाली असेल."

असं न्वे यिन का म्हणाली, तिचं तिलाच कळलं नाही. बापाला एक वाट ठेवावी म्हणून म्हणाली असेल. म्हाताऱ्यानं ती वाट घेतली नाही.

"नाही. तिनं दोनदा म्हटलं, न्वेला तरी सांगूया, पोरीला शिकवते मी. मीच नको म्हटलं. लोक ऊ कान न्यूनची पेटी म्हणून येतात."

न्वे यिनला ओरडावंसं वाटलं. मोठ्यानं रडावंसं वाटलं. यातलं काहीच झालं नाही. ती नुसती म्हणाली, "मी बाहेर बसले होते, बाबा. दहा हातांवर. ती एकदा जरी म्हणाली असती, आत ये."

मग म्हाताऱ्यानंच विचारलं, अगदी कारागिरानं कारागिराला विचारावं तसं, "मागच्या बाजूला काय झालंय?"

"रेघाच नाहीत. चट्टे आहेत."

तो विचार करत राहिला. कुंचला धरल्यासारखी बोटं एकदा हवेत हलली. "मला वाटलं होतं, हाताला सगळं पाठ आहे. हरताळ खाली बसली असणार," तो म्हणाला. "जड असते ती. घडीघडीला ढवळावी लागते, नाहीतर वर नुसतं पाणी राहतं. मी दोन महिने पाण्यानंच..." त्याची बोटं वाटी शोधत जमिनीवर फिरली. "ती ढवळायची. मला कधी लक्षातच आलं नाही की कुणीतरी ढवळतंय."

बायको गेल्यापासून तो रडला नव्हता. आता रडला. तोंड वाकडं करून, आवाज न करता. दोघी बायका बघत राहिल्या आणि दोघींपैकी एकीलाही पुढं होता आलं नाही.

शेवटी दॉ थान लेईनं नाक पुसलं. "चाळीस वर्षांच्या नावावर स्वतःच्या हातानं हरताळ फासलीत, वस्ताद. ते तुमचं तुम्ही बघा. माझं मला सांगा, पौर्णिमेला अकरा दिवस आहेत. मी नवऱ्याला शब्द दिलाय. काय करता?"

उत्तर को स्वेनं दिलं. तो बाहेरून ऐकत होता. "तीन बाजू घासून काढू. चिकाचा एकच हात देऊ, नुसत्या काळ्या करू. हवा दमट आहे, वाळेल. पण मावशी, सोनं एकाच बाजूला राहील."

"राहू दे," ती म्हणाली. "तीन बाजूंनी काळी तर काळी. ती समोरची बाजू असली दुसरी कुठं मिळणार आहे मला?" मग उठता उठता न्वे यिनकडे वळली. "आणि कुणाच्या हातची म्हणून सांगायचं, तेही ठरवून ठेवा. खोटं बोलून दान करायला मी काही नदी ओलांडून येणार नाही."

ते दहा दिवस घरात कामापुरतं बोलणं झालं. न्वे यिन घासत होती, को स्वे चीक चढवत होता. म्हातारा जेवायला बसला की ती वाटी त्याच्या हातात द्यायची आणि म्हणायची, "उजवीकडे मासा." बस, एवढंच. रागात ती जे म्हणू शकली असती त्यातलं काही तिनं म्हटलं नाही, आणि क्षमाही केली नाही. तिला अजून काही कळतच नव्हतं. मधेच हातातलं काम थांबायचं आणि ती मान वळवून सोन्याच्या खोलीकडे बघायची.

पौर्णिमेला विहाराचा मंडप भरून गेला. दिवे, फुलं, केळींचे घड, आणि मधोमध पेटी, राजा आणि हत्ती लोकांकडे तोंड करून. गावात कुजबूज झालीच होती की म्हाताऱ्याची नजर अधू झालीय, या खेपेला जरा बिघडलंय. पण तो हत्ती बघितल्यावर कुजबूज विरून गेली. लोक वाकून वाकून बघायला लागले.

"कोण म्हणतं बिघडलंय? वस्ताद, हात अजून तोच आहे हो तुमचा!" वेशीजवळचा वर्खवाला म्हणाला.

ऊ कान न्यून उठून उभा राहिला. "हा हात माझा नाही," तो म्हणाला. "ही बाजू माझ्या बायकोनं काढलीय. दॉ फ्वा योननं."

मग कुणीतरी हळहळलं. "बिचारा. फार जीव होता तिच्यावर." एका म्हातारीनं डोळ्यांना शालीचं टोक लावलं. वर्खवाल्यानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "समजतं हो वस्ताद. तिच्या नावानं केलंत, तिचं पुण्य."

"तिच्या नावानं नाही! तिनं केलंय!"

"हो हो, बसा तुम्ही."

कुणाचा विश्वासच बसत नव्हता. जी गोष्ट सहा वर्षं दार लावून झाकली, ती आता उघड्या मंडपात सांगूनही कुणी घ्यायला तयार नव्हतं. लोक मायेनं माना हलवत होते, आणि त्या मायेखाली आई पुन्हा एकदा गाडली जात होती.

"मला दिसत नाही!" म्हातारा ओरडला. मंडप दचकला. पुढची लहान मुलं रडायला लागली. "मी आंधळा आहे, ऐकताय का? ठार आंधळा! सहा वर्षं! विहारातली ती दुसरी पेटी, तीही तिची. मंडालेची तिची. मी नुसता वर्ख चिकटवला आणि तुमचे नमस्कार घेतले. बोलवा कुणालाही, लावा दिवा माझ्या डोळ्यांशी!"

त्यानं खरंच समोरचा दिवा उचलायचा प्रयत्न केला. हात दिव्याच्या वीतभर बाजूनं गेला आणि फुलांच्या तबकात पडला. तबक उलटलं. तेव्हा कुठं लोकांच्या लक्षात आलं. वर्खवाल्याचा हात त्याच्या खांद्यावरून गळून पडला. वडील भिक्खू मान वर करून बघत होते. दॉ थान लेई, गालावर आसवांनी ओघळलेला थनाखाचा लेप, सगळ्यांवर नजर फिरवत होती, आता म्हणा काय म्हणायचं ते, अशी.

न्वे यिन उठली आणि बापाच्या शेजारी जाऊन उभी राहिली. "खरं आहे," ती म्हणाली. "आईनं काढलंय." तिचा आवाज अजिबात कापला नाही, याचं तिलाच नवल वाटलं.

त्यानंतर ऊ कान न्यून चार वर्षं जगला. वर्ख तोच लावायचा, त्याला डोळे लागत नाहीत. चित्रं काढायला न्वे यिन शिकली, चाचपडत, कुणी शिकवायला नसताना. तिनं काढलेले पहिले हत्ती डुकरांसारखे दिसायचे, असं दॉ थान लेई अजून सगळ्यांना सांगते. विहारातल्या जुन्या पेट्या बघायला न्वे यिन अधूनमधून जाते. बोटानं मोराची पिसं मोजते, ब्राह्मणांचे चेहरे न्याहाळते. आणि इतकी वर्षं झाली तरी, प्रत्येक वेळी, हे आईच्या हातचं आहे हे तिला पेटी धुतली त्या दिवसासारखंच पुन्हा नव्यानं कळतं.